गुरुजींवर केस घालायची का?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण वकील मुलीचं पत्र आलंय. चार पानी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गावातल्या पतसंस्थेची ती कायदा सल्लागार. निवृत्तीनंतर सलग अठरा वर्षं चेअरमन असलेले गुरुजी मागच्या निवडणुकीत पडले, नवं मंडळ आलं. जुन्या मंडळाच्या काळातल्या ऑडिटमध्ये बारा कर्जखाती अशी निघाली की ज्यांना ना तारण, ना धड जामीनदार, आणि कर्जदार बहुतेक गुरुजींच्या गोतावळ्यातले. तो रिपोर्ट दोन वर्षं कपाटात पडून होता. आता नव्या मंडळाला एकदम जाग आलीय आणि त्यांनी हिच्याकडे लेखी मत मागितलंय: पोलिसांत फिर्याद द्यायची की नाही.

गुरुजींनी हिला चौथीत शिकवलंय. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, सस्पेंड झाले. आज वय अठ्ठ्याहत्तर. गावात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, "अमेरिकेत बघा की, एवढा मोठा ॲटर्नी जनरल, माजी अध्यक्षावर केस घातली. काय झालं? तोच परत निवडून आला. गुरुजींचंही तसंच होणार." दुसरा तट म्हणतो, "चोर तो चोर, मग गुरुजी असो की कुणी." मुलगी विचारते, "काका, जो कालपर्यंत आपला पुढारी होता त्याच्यामागं कायद्यानं लागावं की लागू नये? मी काय लिहून देऊ?"

मुली, (वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी असशील म्हणून अगंतुगं करतो. कोर्टाच्या आवारात भेटलीस तर मॅडमच म्हणेन.)

उत्तर आधीच सांगून टाकतो. फिर्याद व्हायला पाहिजे. पण ती तू लिहायची नाहीस, आणि तुमच्या मंडळाला आज जशी हवीय तशी तर मुळीच व्हायला नको.

तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, भलत्याच संदर्भात, एका पिग्मी एजंटचा उल्लेख आलाय. दुकानादुकानांतून रोजची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करणारा पोरगा. सहा वर्षांपूर्वी त्यानं एकेचाळीस हजार भरले नाहीत. दुपारी हिशेब लागला नाही, संध्याकाळी खुद्द गुरुजींच्या सहीनं पोलिसांत तक्रार गेली. पोरगा तीन आठवडे आत होता, ठरलेलं लग्न मोडलं, आता गोव्यात कुठल्याशा हॉटेलात कामाला आहे असं तू लिहितेस. तू हे सहज लिहून गेलीस. मी मात्र ते पान परत परत वाचलं. एकेचाळीस हजारांना संध्याकाळपर्यंत पोलीस आणि बारा बिनतारणी कर्जखात्यांना दोन वर्षं कपाट, हा हिशेब कुठल्या शाळेतला? त्या पोराच्या वेळी कुणी चावडीवर बसून "माजी एजंटच्या मागं लागावं का" असा खल केला नव्हता. मग तुझ्या मतात पहिली ओळ काय असावी ते मला तरी स्पष्ट दिसतं: संस्थेनं त्या पोराला जी मोजपट्टी लावली तीच इथं लागेल. एक इंच जास्त नाही, एक इंच कमी नाही.

आता ती अमेरिका. चावडीवरचा दाखला निम्मा खरा आहे. उरलेला निम्माच जास्त कामाचा आहे, आणि तोच कुणी सांगत नाही.

६ जानेवारी २०२१ ला, निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव वॉशिंग्टनच्या संसदभवनात घुसला. मार्चमध्ये मेरिक गार्लंड ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या न्याय खात्याचे मंत्री, झाले. आधी बरीच वर्षं न्यायाधीश राहिलेले, जपून पाऊल टाकणारे गृहस्थ. काचा फोडणारे, पोलिसांवर धावून जाणारे, खुर्च्यांवर बसून फोटो काढणारे अशा सातशेवर लोकांवर वर्षभरात खटले दाखल झाले. वर्ष भरायच्या आदल्या दिवशी गार्लंड यांनी भाषणात सांगितलं की दोषी कुठल्याही पायरीवरचा असो, त्याला जाब विचारला जाईल. पण वरच्या पायरीसाठी स्पेशल कौन्सेल, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा खास सरकारी वकील, म्हणून जॅक स्मिथ यांना नेमलं ते १८ नोव्हेंबर २०२२ ला. ट्रम्प यांनी आपली पुढची उमेदवारी जाहीर केली होती १५ नोव्हेंबरला. तीन दिवस आधी! म्हणजे बावीस महिने गेले आणि मुहूर्त सापडला तो नेमका असा, की शेंबड्या पोरानंही म्हणावं, हे निवडणुकीसाठी चाललंय.

पुढचं तुला ठाऊक असेल, वाचकांसाठी सांगतो. त्या प्रकरणातलं आरोपपत्र ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. अध्यक्षपदावर असताना केलेल्या कामांना किती संरक्षण, हा वाद वर गेला. १ जुलै २०२४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं बरंच संरक्षण देऊन टाकलं. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, आरोपी जिंकला, आणि त्याच महिन्यात स्पेशल कौन्सेलनं स्वतःच खटला काढून घ्यायचा अर्ज दिला. २० जानेवारी २०२५ ला नव्या-जुन्या अध्यक्षांनी त्या काचा फोडणाऱ्यांपैकी जवळजवळ पंधराशे जणांना माफी देऊन टाकली. एकट्या न्यूयॉर्कमधल्या खटल्यात ट्रम्प चौतीस आरोपांवर दोषी ठरले होते. तो खटला गार्लंड यांच्या खात्यानं नाही, तिथल्या स्थानिक सरकारी वकिलानं चालवला होता. त्यातही शेवटी शिक्षा म्हणून काहीच झालं नाही.

यावरून चावडी म्हणते, केस घातली म्हणून तो निवडून आला. मी म्हणतो, केस घालायला उशीर केला म्हणून ती निवडणुकीच्या तोंडात सापडली. गार्लंड यांची बाजू घेणारे सांगतात की एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध पुरावा खालून वर असाच रचावा लागतो, घाईनं काम बिघडतं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण पिग्मी एजंट संध्याकाळी आत गेला होता, हे मी विसरू शकत नाही. तुमच्या मंडळानंही दोन वर्षं रिपोर्ट दाबून ठेवला आणि आता झेडपी निवडणुका लागणार अशी हवा सुटल्याबरोबर बाहेर काढला. तो काढणाऱ्या चेअरमनना स्वतःला उभं राहायचंय, हेही तूच लिहिलंयस. मग गाव काय म्हणणार?

आणि आता त्या चेअरमनकडेच येतो. पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, तू एक ओळ लिहिलीयस: "नवे चेअरमन माझे चुलत दीरच, त्यामुळे घरातूनही दबाव आहे." बाई गं, ही ओळ पहिल्या पानावर पाहिजे होती! सगळं प्रकरण त्या ओळीत आहे. ज्यानं गुरुजींना पाडलं त्याच्या घरातली सून गुरुजींवर केस घालावी की नाही हे ठरवणार. तू कितीही स्वच्छ मनानं लिहिलंस, तरी बाजारच्या दिवशी लोक काय बोलतील ते तुला मी सांगायला नको. आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

अमेरिकेत हीच अडचण कायम आहे. तिथला ॲटर्नी जनरल हा अध्यक्षानं नेमलेला, त्याच्या मंत्रिमंडळात बसणारा माणूस. माजी अध्यक्षावर खटला भरायचा म्हणजे ज्यानं त्याला हरवलं त्याच्याच मंत्र्यानं भरायचा. म्हणून तर स्पेशल कौन्सेलची सोय: मी खुर्चीत आहे, पण हा निवाडा माझ्या टेबलावर नको. आपल्याकडे नाव तेच असलं तरी ॲटर्नी जनरल आरोपपत्र भरत नाही. घटनेच्या कलम ७६ खाली तो केंद्र सरकारचा कायदा सल्लागार, राज्यात कलम १६५ खाली ॲडव्होकेट जनरल. तपास पोलिसांचा, खटला सरकारी वकिलाचा, आणि लाचलुचपतीत वर मंजुरी लागते ती वेगळीच. २०१८ च्या दुरुस्तीपासून माजी लोकसेवकालाही त्या मंजुरीचं कवच आहे. तेव्हा चावडीवर कुणी "आपल्या ॲटर्नी जनरलनं काय केलं असतं" असं विचारलं, तर म्हणावं, त्याच्याकडे ते कामच नाही.

रॉबर्ट जॅक्सन म्हणून तिथलाच एक ॲटर्नी जनरल होऊन गेला. पुढे न्यूरेंबर्गला नाझींवर खटला चालवणारा तोच. त्यानं १९४० च्या एप्रिलमध्ये आपल्या हाताखालच्या सरकारी वकिलांना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: कायद्याची पुस्तकं एवढी जाड आहेत की माणूस आधी ठरवून मग पुस्तक चाळायला बसलात, तर कुणाच्याही नावावर काहीतरी सापडतंच, आणि सरकारी वकिलाच्या हातून घडणारं सगळ्यात धोक्याचं काम ते हेच. हे किती खरं आहे ते पाहायला लांब जायला नको. ट्रम्प परत आल्यावर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या ॲटर्नी जनरलला उद्देशून जाहीरपणे विरोधकांची नावं घेऊन लिहिलं, आणि पाच दिवसांत एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावर आरोपपत्र आलं. नोव्हेंबरमध्ये कोर्टानं ते फेटाळलं. कारण? ते दाखल करणाऱ्या सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा होती. आधी माणूस ठरवायचा, मग वकील शोधायचा, मग कलम!

तुझ्या पत्रासोबत मंडळानं काढलेली आरोपांची यादी आहे. चौदा आरोप. मी चष्मा पुसून वाचली. वार्षिक सभेच्या जेवणाचा खर्च. दिवाळीला सभासदांना वाटलेले स्टीलचे डबे. गुरुजींच्या सत्काराला घेतलेली शाल. गाडीचं पेट्रोल, तेही बेळगावला सहकार खात्यात जाऊन आल्याचं. आणि या सगळ्या पसाऱ्यात नवव्या नंबरवर ती बारा कर्जखाती. ही यादी गुन्हा शोधणाऱ्यानं केलेली नाही, गुरुजी शोधणाऱ्यानं केलीय.

यावर आपल्याच राज्याची एक गोष्ट आठवते. १९७७ ला जनता सरकार आलं. आणीबाणीत लाखावर माणसं खटल्याविना तुरुंगात गेली होती, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली होती, नसबंदीचे अत्याचार झाले होते. त्याच्या चौकशीला शहा आयोग नेमला होता, तो सविस्तर काम करत होता. पण मंत्र्यांना धीर नव्हता. ३ ऑक्टोबर १९७७ ला इंदिरा गांधींना अटक केली. कशावरून? निवडणुकीसाठी मिळवलेल्या जीपगाड्या आणि तेलाचं एक कंत्राट. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनं सोडून दिलं, म्हणाले की अटकेला आधार दिसत नाही. एवढ्या मोठ्या आणीबाणीचा हिशेब मागायचा होता, आणि हातात काय घेऊन गेले तर जीपगाड्या. वर्षभरानं, नोव्हेंबर १९७८ मध्ये, त्याच इंदिराबाई आपल्या चिकमगळूरातून लोकसभेवर निवडून गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. "एक शेरनी सौ लंगूर, चिकमगलूर चिकमगलूर" ही घोषणा इकडे बेळगावच्या हॉटेलांतही पोरं टेबल वाजवून म्हणायची. त्यांतल्या निम्म्यांना चिकमगळूर कुठं ते माहीत नव्हतं. डिसेंबरमध्ये लोकसभेनं त्यांना काढून टाकलं, आठवडाभर तिहारमध्ये ठेवलं. जानेवारी १९८० मध्ये त्या पंतप्रधान होऊन परत.

तेव्हा शाल, डबे, पेट्रोल या तुमच्या जीपगाड्या आहेत. त्या काढून टाका. एक नंबर नऊ राहू दे. तो उभा राहिला तर राहिला.

आता तुला सगळ्यात जास्त टोचतंय त्याबद्दल. पत्रात तू ते दोनदा लिहिलंस, एकदा खोडून: "आपल्या माणसाला त्यांच्या पोलिसांच्या हाती द्यायचं?"

मुली, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही, आपल्याला हाडात कळतो. १९५६ पासून आपण इथं काय काय पाहिलं. नकाशात आपण कुठं बसतो याचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात घातला, त्याची पुढची तारीख विचारत विचारत माझी सगळी वकिली संपली. दर १ जूनला हिंडलग्याला १९८६ च्या हुतात्म्यांच्या स्मारकाशी मी जातो, तिथं गुरुजींच्या वयाची माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून उभी असतात. त्यांच्यातल्या एकावर कन्नडमध्ये एफआयआर लिहिला जाणार, या नुसत्या कल्पनेनंच पोटात गोळा येतो. मलाही येतो. पण मग मी त्या बारा खात्यांतले पैसे कुणाचे हे पाहतो. काजूच्या हंगामाचे पैसे ठेवणारी बाई, भात विकून मुलीच्या लग्नासाठी एफडी केलेला माणूस, लोंढ्याच्या स्टेशनावर हमाली केलेला कुणी. हेही आपलेच की. ते गुरुजींवर विश्वास ठेवून तिथं आले ते गुरुजींनी १९८६ ला लाठ्या खाल्ल्या म्हणूनच. ती लाठी हीच त्या संस्थेची अनामत होती, तारण होतं म्हण ना. त्या तारणावर कुणी आपल्या भाच्याला कर्ज दिलं असेल, तर आंदोलनाचा अपमान केस घालणाऱ्यानं केला की कर्ज देणाऱ्यानं?

हे मी चढ्या आवाजात लिहितोय, कारण एकदा मी उलट वागलोय.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका तालुक्याच्या कोर्टात मी सहायक सरकारी वकील होतो. एका सोसायटीच्या माजी अध्यक्षावर अपहाराचा खटला चालला होता. साक्षीदारांत एक म्हातारी होती, ठेवीदार. दर तारखेला पहिल्या बसनं यायची. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. साक्ष एकदाही झाली नाही, कधी आरोपी आजारी, कधी साहेब रजेवर. ती कोर्टाच्या पायरीवर बसून भाकरी खायची आणि जाताना मला विचारायची, "वकीलसाब, आता कवा येऊ?" मग सरकार बदललं, अध्यक्षांचे दिवस फिरले, आणि वरून सांगावा आला की खटला काढून घ्या. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३६० आहे. त्यात स्पष्ट आहे की हा अर्ज सरकारी वकिलाचा, विचार त्याचा स्वतःचा, आणि कोर्टाची संमती हवी. बिहारच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या, जगन्नाथ मिश्रांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टात यावर दोनदा खल झाला आणि डिसेंबर १९८६ मध्ये बहुमतानं खटला काढून घेणं मान्य झालं. हे सगळं मला पाठ होतं. पण मी स्वतःचा विचार केला नाही. टाइप होऊन आलेल्या कागदावर सही केली. पुढच्या तारखेला म्हातारी आली. मी तिला सांगितलं, आता तारीख नाही. ती म्हणाली, "म्हंजे उद्या येऊ?"

असो.

वयाचा मुद्दा राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साखर आहे, हे मान्य. दया दाखवावी, पण दयेची जागा कुठली ते बघ. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणापायी ९ ऑगस्ट १९७४ ला राजीनामा दिला, आणि महिना व्हायच्या आत, ८ सप्टेंबरला, त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली, निक्सननी केलेल्या आणि केल्या असतील त्याही सगळ्या गुन्ह्यांची. ना आरोपपत्र, ना साक्ष. त्यानं देश शांत झाला असं मानणारे पुष्कळ आहेत, माझा त्यांच्यावर विश्वास नाही. काय केलं याचा निकालच लागला नाही, तर माफी कशाची दिली? दक्षिण कोरियानं उलट केलं. चुन दू-ह्वान आणि रोह ते-वू, दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष, त्यांच्यावर खटला चालवला, १९९६ मध्ये शिक्षा ठोठावली, अपील झालं, आणि मग १९९७ च्या डिसेंबरमध्ये माफ करून घरी पाठवलं. निकालाचा कागद राहिला. गुरुजींना जे काही माफ करायचं, ते आधी आकडा ठरू दे, मग सर्वसाधारण सभा, सहकार खातं, कोर्ट, ज्याच्या अधिकारात जे बसेल ते त्यानं करावं. आणि निकाल त्यांच्या बाजूनंही लागू शकतो हे विसरू नकोस. आपल्या राज्याचे माजी मुख्यमंत्री येडियुराप्पा यांच्यावर लाचेचा खटला चालला, २०१६ मध्ये विशेष कोर्टानं निर्दोष सोडलं. खटला घातला म्हणजे माणूस चोर ठरला असं नाही. तुमच्या दुसऱ्या तटाला हे जरा समजावून सांग.

मग तू करायचं काय? आधी मंडळाला एका पानाचं पत्र दे: चेअरमनशी माझं नातं असल्यामुळे या प्रकरणात मी मत देणार नाही. दीर रागावतील, घरात चार दिवस भांडी आपटतील, सोस. त्याच पत्रात सुचव की मंडळानं ठराव करून सहकार खात्याकडे चौकशी मागावी. संस्था १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली असेल तर कलम ६४ ची चौकशी आणि तिच्यात काही निघालं तर ६९ खाली वसुलीची वाट आहे. १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली असेल तर वाट थोडी वेगळी, पण बाहेरचा माणूस आणायचा हे तेच. तू नोंदणी कुठली ते लिहिलेलं नाहीस. जयललितांचा खटला आठवतो ना? राज्य परत त्यांच्या हाती गेल्यावर चेन्नईत साक्षीदार फिरायला लागले, म्हणून २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो उचलून बेंगळुरूला आणला. निकाल यायला २०१४ उजाडलं, पण तामिळनाडूच्या भांडणाचा निकाल आपल्या कोर्टानं दिला, आणि हायकोर्टात उलटला तरी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात उभा राहिला. तुमच्या गावाला एवढ्या लांब जायला नको, खानापुराबाहेरचा एक ऑडिटर पुरे.

गुन्ह्याचं कलम ठरवताना तारखा बघायला सांग. १ जुलै २०२४ पूर्वीच्या व्यवहाराला जुनं दंड विधान, म्हणजे विश्वासघाताची ४०६, ४०९ वगैरे. नंतरच्याला न्याय संहितेचं ३१६. मंडळाच्या यादीत सगळीकडे ३१६ ठोकलंय, अर्धी कर्जं २०१९ ची असताना. एवढ्यावरच समोरचा वकील हसेल.

फिर्यादीआधी गुरुजींना लेखी नोटीस जाऊ दे, पंधरा दिवसांची, नवव्या आरोपापुरती, सोबत कर्जखात्यांचे उतारे जोडून. त्यांचं म्हणणं काय आहे हे तुझ्या चार पानांत एका ओळीतही नाही. कदाचित तारणाचे कागद होते आणि गहाळ झाले. कदाचित सेक्रेटरीनं सह्या घेतल्या आणि त्यांनी चष्मा न लावता केल्या, खेड्यात हे रोज होतं. कदाचित खरंच भाच्याला दिले. विचारल्याशिवाय कसं कळणार?

आणि एक काम मात्र लगेच, उद्याच. ठराव पुस्तक, कॅशबुक, त्या बारा खात्यांच्या फायली आणि व्हाउचर यांची यादी करा, पानांवर नंबर घाला, झेरॉक्स काढा, दोन्ही तटांच्या एकेका माणसाची सही घ्या आणि मूळ कागद कुलपात ठेवा. किल्ली चेअरमनकडे नको, सेक्रेटरीकडेही नको. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांत पैसे बुडण्याआधी कागद बुडतात. पावसाळा, वाळवी, "ऑफिसचं छप्पर गळलं," ही कारणं मी इतकी ऐकलीत की छप्पर शाकारायला मीच गेलो असतो.

तुला गुरुजींकडे जायचंय का, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते जागोजागी दिसतं. जा. मत द्यायचं सोडल्यावर जा, आधी नको. केसबद्दल बोलू नकोस, त्यांनी काढलं तरी नाही. चहा घे, तब्येत विचार, पाया पडायचं असेल तर पड. चौथीत शिकवलं त्याचं देणं वेगळ्या खात्यात आहे.

ऑडिट रिपोर्ट कन्नडमध्ये आहे आणि सभासदांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही, असं तू लिहितेस. तो मराठीत करून सभेपुढे ठेवायलाच हवा, गुरुजींनाही एक प्रत. भाषांतराला माणूस मिळत नसेल तर मला पाठव. जन्मभर कन्नड आरोपपत्रं वाचलीत, तेवढं जमेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे पंधरा दिवस धर. भाषांतर देईन, मत विचारू नकोस.